स्थानबद्धता, नजरकैद, युद्धकैद की छळछावणी? युद्धकाळातल्या बंदिवासाला मराठीत काय म्हणावं

'इंटर्नमेंट', म्हणजे युद्धकाळात खटल्याशिवाय माणसांना कोंडून ठेवणं, हा शब्द इंग्रजी मजकुरात आला की मराठीत लिहिणाऱ्याचा हात थांबतो. नागपुरात जरा जास्तच थांबतो, कारण इथे आपण मराठी लिहितो, हिंदी वर्तमानपत्रं वाचतो आणि कोर्टाची भाषा इंग्रजीतून ऐकतो. तिन्हीकडून वेगळे शब्द येतात: स्थानबद्धता, नजरबंदी, डिटेन्शन. शिवाय नजरकैद, युद्धकैद, छळछावणी, बंदिवास हे शब्द आपल्याकडे आहेतच. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेणारे शिक्षक, रविवारच्या पुरवणीसाठी लेख अनुवादित करणारे पत्रकार यांना निवड करायला सोपं जावं म्हणून हे शब्द इथे शेजारी शेजारी ठेवले आहेत.

घाईत असणाऱ्यांसाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. 'इंटर्नमेंट'ला सर्वसाधारणपणे स्थानबद्धता म्हणावं. शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक युद्धकैदी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या व्यक्तीला घरात, वाड्यात पहाऱ्याखाली ठेवलं असेल तर नजरकैद. छळछावणी हा शब्द नाझी राजवटीसाठी राखून ठेवावा. आणि हजारो कुटुंबांना एका हुकमासरशी उचललं असेल तिथे नुसतं 'स्थानबद्ध केलं' म्हणून भागत नाही. या शेवटच्या जागी बहुतेक अनुवाद घसरतात, म्हणून तिथे मी जास्त रेंगाळणार आहे.

मूळ शब्द कुठून आला

लॅटिनमधल्या 'इंतेर्नुस'चा अर्थ आतला. त्यावरून फ्रेंचमध्ये क्रियापद झालं: एखाद्याला देशाच्या आतल्या भागात नेऊन ठेवणं आणि तिथून निघू न देणं. सरहद्दीपासून दूर नेणं हा त्यातला महत्त्वाचा भाग. इंग्रजीने हे क्रियापद एकोणिसाव्या शतकात उचललं. आपल्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत रात्रपाळी करणारा 'इंटर्न' डॉक्टरही त्याच मुळाचा, रुग्णालयाच्या आत राहून शिकणारा.

या अर्थाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १८७१ सालचं आहे. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धाच्या अखेरीस जनरल बुर्बाकीची सेना म्हणून ओळखलं जाणारं फ्रेंच सैन्य कोंडीत सापडलं. फेब्रुवारीच्या बर्फातून सुमारे ८७,००० सैनिक स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरले. स्वित्झर्लंड तटस्थ होता. त्याने त्यांची शस्त्रं उतरवून घेतली, त्यांना देशभरातल्या गावांत वाटून ठेवलं आणि युद्ध संपेपर्यंत परत जाऊ दिलं नाही. हे सैनिक स्वित्झर्लंडचे शत्रू नव्हते. त्यांनी तिथे काही गुन्हा केलेला नव्हता. स्विस सैन्याने त्यांना लढाईत पकडलंही नव्हतं. तरीही ते मोकळे नव्हते. पुढे १९०७ च्या हेग कराराने हाच रिवाज नियमात बांधला: तटस्थ देशाने आपल्या हद्दीत आलेल्या लढणाऱ्या सैन्याला शक्य तितकं रणभूमीपासून दूर ठेवावं.

म्हणजे या कल्पनेत तीन गोष्टी एकत्र येतात. गुन्ह्याचा आरोप नसतो. खटला आणि शिक्षा नसते. आणि सुटकेचा दिवस माणसाच्या वागण्यावर अवलंबून नसतो, तो युद्धावर किंवा सरकारला वाटणाऱ्या धोक्यावर अवलंबून असतो. कोणताही मराठी शब्द निवडताना या तीन खुणा त्यात बसतात का, हे आधी पाहावं.

विसाव्या शतकात या शब्दाचा रोख सैनिकांकडून नागरिकांकडे वळला. पहिल्या महायुद्धात जवळजवळ प्रत्येक लढणाऱ्या देशाने आपल्याकडे राहणाऱ्या शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना कोंडलं. हिंदुस्थानातल्या जर्मनांसाठी अहमदनगरला मोठी छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिक हारर १९३९ मध्ये असाच अडकला. अहमदनगर, मग नाशिकजवळची देवळाली आणि शेवटी डेहराडून असा त्याचा प्रवास झाला, आणि डेहराडूनहून तो १९४४ मध्ये पळून तिबेटात गेला. पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबांना ठेवलं होतं. हिटलरच्या जाचातून पळून हिंदुस्थानात आलेले काही ज्यू निर्वासितही केवळ जर्मन पासपोर्टामुळे या धरपकडीत सापडले. माणूस काय करतो यापेक्षा त्याच्याकडे कोणता कागद आहे यावर त्याचं स्वातंत्र्य ठरलं.

एक सावधगिरी इथेच नोंदवून ठेवतो. इंग्रजीत 'इंटर्मेंट' असा एका अक्षराने कमी शब्द आहे आणि त्याचा अर्थ दफन. छावणीत मृत्यूही झालेले असतात, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच पानावर येऊ शकतात. घाईत वाचणाऱ्या अनुवादकाने इथे डोळे उघडे ठेवावेत.

स्थानबद्धता: आपला शब्द, आपल्याच इतिहासातून

स्थानाला बांधलेला तो स्थानबद्ध. शब्द संस्कृत घडणीचा असला तरी मराठी वाचकाला तो परका नाही. रत्नागिरीतली सावरकरांची स्थानबद्धता शाळेपासून ऐकलेली असते: जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटका, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही ही अट. ती १९३७ पर्यंत चालली. इथे भिंती नव्हत्या, जिल्ह्याची सीमा हीच भिंत होती.

दुसरी छटा नागपूरच्या वर्तमानपत्रांत नेहमी दिसते. 'कुख्यात गुंड एमपीडीएअंतर्गत स्थानबद्ध' असा मथळा येतो. हा धोकादायक कारवाया रोखण्यासाठीचा १९८१ चा महाराष्ट्राचा कायदा. पोलीस आयुक्तांच्या आदेशाने एखाद्याला जास्तीत जास्त वर्षभर कारागृहात ठेवता येतं, त्या काळासाठी न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नसताना. इथे भिंती आहेत, गज आहेत, वर्धा रोडवरचं मध्यवर्ती कारागृह आहे. म्हणजे एकच शब्द जिल्हाभर मोकळं फिरणाऱ्या माणसालाही लागतो आणि कोठडीतल्या माणसालाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात या दोन गोष्टींना वेगळी नावं आहेत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ७८ वं कलम सांगतं की व्यापलेल्या प्रदेशातल्या संरक्षित नागरिकांविरुद्ध सुरक्षेच्या निकडीच्या कारणासाठी फार तर दोन उपाय योजता येतील: नेमून दिलेल्या जागी राहायला लावणं, किंवा इंटर्नमेंट. तुम्ही करारासारखा कायदेशीर मजकूर अनुवादित करत असाल तर पहिल्याला 'नेमून दिलेला निवास' म्हणा आणि दुसऱ्यासाठी 'स्थानबद्धता' ठेवा. कथा, चरित्र, लेख यांत इतकी काटेकोर विभागणी लागत नाही, पण पहिल्याच वाक्यात माणूस घरी होता, गावात होता की छावणीत होता हे सांगून टाकलेलं बरं.

स्थानबद्धतेच्या बाजूने सगळ्यात जोरदार मुद्दा कायद्याचा आहे. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात अटक आणि स्थानबद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटक झाली की चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत तसं बंधन नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यावं लागतं. गुन्हा केला म्हणून नव्हे, पुढे काही करेल या शंकेवरून माणसाला ठेवणं हा अर्थ या शब्दात पक्का मुरलेला आहे. मूळ कल्पनेच्या तिन्ही खुणा यात बसतात.

विदर्भातल्या वाचकाला हा अर्थ आणीबाणीनेही शिकवला. १९७१ चा 'मिसा' हा अंतर्गत सुरक्षेचा कायदा; त्याखाली पकडलेल्यांसाठी 'मिसाबंदी' हा शब्द नागपुरात अजून सर्रास वापरला जातो. स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेता येतात अशी भूमिका देशातल्या ज्या उच्च न्यायालयांनी घेतली, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात हे सगळे निर्णय उलटवले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच चुकीचा ठरवला. 'स्थानबद्धता' लिहिताना हा सगळा इतिहास वाचकाच्या मनात जागा होतो, आणि तो जागा व्हावा असंच मला वाटतं.

एक गोष्ट मात्र या शब्दात घुसवू नये. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात १ मेपासून ऑगस्टपर्यंत देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांना तुरुंगात पाठवलं गेलं. त्यांच्यावर खटले चालले, शिक्षा झाल्या. त्यांना स्थानबद्ध म्हणणं चूक. ते सत्याग्रही कैदी. याउलट ऑगस्ट १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये ठेवलेले गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्यावर खटलाच नव्हता. महादेवभाई तिथे १५ ऑगस्ट १९४२ ला गेले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. ते स्थानबद्ध होते. जागेला पॅलेस म्हणत म्हणून नजरकैद लिहायचा मोह होतो, पण त्यांना तिथे ठेवणारा हुकूम युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांतून आला होता, आणि अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलेले नेहरू, पटेल, आझादही त्याच धरपकडीतले.

नजरकैद, आणि हिंदीतून येणारी नजरबंदी

नजर आणि कैद हे दोन्ही शब्द अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेले. मराठी मनात हा शब्द १६६६ सालच्या आग्र्याशी जोडलेला आहे. महाराजांच्या मुक्कामाभोवती पहारे, पण आत हालचालीला मोकळीक, भेटी, पेटारे. नजरकैदेत माणूस मोठा असतो, त्याला थेट तुरुंगात टाकणं राजकीयदृष्ट्या परवडत नाही, म्हणून त्याला नजरेखाली ठेवतात. आजही एखाद्या नेत्याला घराबाहेर पडू दिलं नाही की वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात, आणि बरोबर वापरतात.

नागपूरकरांना यात आपल्या घरचं उदाहरण आहे. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली. त्यानंतर आप्पासाहेब भोसले काही काळ गादीवर होते, पण इंग्रजांच्या देखरेखीखाली. हा काळ नजरकैदेसारखा म्हणता येईल. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि अलाहाबादला पाठवायला निघाले. ही उघड कैद. वाटेत, मे १८१८ मध्ये, आप्पासाहेब निसटले आणि पुढे जोधपूरला आश्रयाला राहिले. तिथेच १८४० मध्ये वारले. एकाच माणसाच्या काही महिन्यांत शब्द बदलतो, आणि इतिहास लिहिणाऱ्याने तो बदलायलाच हवा.

पण 'इंटर्नमेंट'ला सरसकट नजरकैद म्हणणं मला पटत नाही. डेहराडूनच्या काटेरी तारांमागे शेकडो जर्मन होते. तिथे पहारा होता, हजेरी होती, बराकी होत्या. ती नजरकैद म्हटली की वाचकाला एक वाडा आणि दारातला शिपाई दिसतो. संख्या नाहीशी होते आणि दडपणही हलकं होतं.

आता नजरबंदी. हिंदीत 'नज़रबंद' हा शब्द घरातल्या बंदिवासासाठी चालतो, आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेसाठीही. नागपुरात हिंदी बातमीवरून मराठी बातमी करताना तो तसाच उतरतो. मराठीत मात्र नजरबंदी ही जादूगाराची, गारुड्याची: डोळ्यांदेखत वस्तू नाहीशी करणारी. 'जपानी वंशाच्या लोकांची नजरबंदी' हे वाक्य जुन्या पिढीच्या मराठी वाचकाला काहीतरी भलतंच सांगेल. मराठी मजकुरात हा शब्द टाळावा, त्यात दुमत नको.

युद्धकैद: फक्त सैनिकांसाठी

इथे निर्णय सोपा आहे, म्हणून थोडक्यात. युद्धकैदी म्हणजे शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक आणि सैन्यासोबतचे काही ठरावीक लोक. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने त्याचे हक्क ठरवले आहेत: चौकशीत नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढंच सांगायचं बंधन, आणि प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विनाविलंब मायदेशी पाठवणी. लढणं हा त्याचा गुन्हा नाही, त्यामुळे 'कैदी' या शब्दाने गुन्हेगारीचा वास येऊ देऊ नये. त्याच कराराच्या भाषेत युद्धकैद्यालाही 'इंटर्न' करता येतं, म्हणून इंग्रजीत तो शब्द सैनिकाच्या संदर्भात दिसला तर गोंधळू नका. मराठीत युद्धकैदीच म्हणा.

गल्लत होते ती १९७१ च्या बाबतीत. '९३ हजार पाकिस्तानी सैनिक शरण आले' हे वाक्य आपण डोळे मिटून लिहितो. भारताच्या ताब्यात आलेल्या सुमारे ९३,००० लोकांत सगळेच सैनिक नव्हते. नागरी अधिकारी होते, कुटुंबंही होती. पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी आपल्या शेजारच्या जबलपूरला होते, ते युद्धकैदी. पण पूर्व पाकिस्तानात नोकरी करणाऱ्या कारकुनाची बायको आणि मुलं युद्धकैदी कशी होतील? ती स्थानबद्ध नागरिक. चौथ्या कराराचं ८४ वं कलम तर अशा नागरिकांना युद्धकैद्यांपासून वेगळं ठेवायला सांगतं. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर एप्रिल १९७४ पर्यंत ही पाठवणी पूर्ण झाली. यावर लिहिताना 'सुमारे ९३,००० युद्धकैदी आणि स्थानबद्ध नागरिक' असं लिहावं. चार शब्द वाढतात, पण बायकामुलं सैनिकांच्या आकड्यात बुडत नाहीत.

छळछावणी: कुठे जास्त, कुठे कमी

छावणी हा शब्द छावणे या क्रियापदातून आला, म्हणजे शाकारणे. पावसाळ्यात फौजा जिथे गवताची छपरं घालून राहत ती छावणी. कामठीची छावणी आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि दुष्काळात जनावरांसाठी चारा छावणी उघडते. शब्दात आसरा आहे. 'छळ'चा प्रवास आणखी वेगळा. संस्कृतात छल म्हणजे कपट. मराठीत तो जाच झाला, जरी 'छळकपट' या जोडीत जुना अर्थ टिकून आहे. या दोघांना जोडून मराठीने 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प'साठी जो शब्द केला, तो जर्मन किंवा इंग्रजी शब्दापेक्षा प्रामाणिक आहे. मूळ शब्दाचा अर्थ नुसता 'एकत्र गोळा करण्याची छावणी'. आत काय चालतं याबद्दल तो मौन पाळतो. मराठी शब्द ते बोलून दाखवतो.

पण या प्रामाणिकपणामुळेच तो सगळीकडे चालत नाही. जर्मनीतली दाखाऊची छावणी मार्च १९३३ मध्ये उघडली, युद्धाच्या सहा वर्षं आधी. तिथे छळछावणी हा शब्द नेमका बसतो, आणि ती युद्धकाळातली स्थानबद्धता नव्हती हेही लक्षात ठेवावं. पोलंडमधल्या त्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेत्स इथे मात्र हाच शब्द अपुरा पडतो. त्रेब्लिंकाला आगगाडीतून उतरवलेल्या बहुतेक माणसांना काही तासांत विषारी वायूने मारलं जाई. तिथे राहण्यापुरतीही छावणी नव्हती. त्यासाठी संहारछावणी किंवा मृत्युछावणी म्हणावं. आउश्वित्झ मोठा परिसर होता, त्यात दोन्ही होतं.

दुसऱ्या टोकाला बोअर युद्ध. 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' हे नाव नाझींच्या आधीचं. १८९६ पासून स्पेनच्या जनरल वेलेरने क्युबातल्या खेडुतांना तटबंदीच्या गावांत कोंडलं, त्याला 'एकत्रीकरण' म्हटलं. १९०० ते १९०२ मध्ये इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या, शेतकऱ्यांची शेतं जाळली आणि त्यांच्या बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत ठेवलं. गोवर, विषमज्वर, उपासमार. सुमारे २८,००० बोअर मेले, त्यांत बहुसंख्य मुलं. काळ्या आफ्रिकी लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. तिथले नोंदलेले मृत्यूच १४,००० हून अधिक आहेत आणि नोंदी अपुऱ्या आहेत. एमिली हॉबहाउस या इंग्लिश बाईने जाऊन हे पाहिलं आणि १९०१ मध्ये आपल्याच सरकारला अहवालातून सुनावलं.

याला काय म्हणायचं? छळछावणी म्हटलं की वाचक थेट आउश्वित्झला पोचतो, आणि १९०१ चं लिखाण १९४५ च्या चष्म्यातून वाचतो. नुसतं स्थानबद्धता म्हटलं तर तंबूत मेलेली मुलं झाकली जातात. मी बंदिछावणी सुचवेन. यात कोंडणं आहे, समूह आहे, आणि हेतूबद्दल जास्तीचा दावा नाही. मग लगेच पुढच्या वाक्यात मृत्यूंचा आकडा द्या. तो आकडा जे सांगायचं ते सांगतो.

अमेरिकेतले १,२०,००० लोक

सगळ्यात अवघड निवड इथे आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं, दुकानं, शेतं सोडायला लावून मन्झनार, टुली लेक यांसारख्या दहा छावण्यांत नेलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. सरकारी भाषेत हे 'स्थलांतर' होतं आणि छावण्या 'पुनर्वसन केंद्रं'. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सू खटल्यात सरकारची बाजू सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरली, पण न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी आपल्या असहमतीत याला कॉन्सन्ट्रेशन कॅम्प म्हटलं. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांपैकी अनेकांचा 'इंटर्नमेंट' या शब्दालाच आक्षेप आहे. कारण तिथल्या कायद्यात तो शब्द शत्रुराष्ट्राच्या परक्या नागरिकांसाठी आहे. आपल्याच नागरिकाला तो लावला की तो नकळत परका ठरतो. म्हणून ते सरळ 'बंदिवास' अशा अर्थाचा शब्द वापरतात.

मराठी अनुवादक हा वाद वाचतो आणि स्थानबद्धता हा शब्दही बाद करायला निघतो. इथे जरा थांबून विचार करायला हवा. आपली स्थानबद्धता परक्यांसाठी घडलेली नाही. ती सावरकर, गांधी, मिसाबंदी यांच्यातून, म्हणजे सरकारने इथल्याच माणसांना कोंडण्यातून घडली. स्थानबद्ध माणूस परका असतो असं मराठी वाचकाला स्वप्नातही वाटत नाही. इंग्रजी शब्दाचा तो दोष मराठी शब्दात नाही.

मराठी शब्दाचा दोष दुसरा आहे, आणि तो कुणी बोलत नाही. आपली स्थानबद्धता एकेका माणसाची असते. अमुक इसमाविरुद्ध आदेश, त्याची कारणं, त्याची सल्लागार मंडळापुढे सुनावणी. मिसात ती कारणंही नाकारली गेली, तरी आदेशावर नाव एकाचंच. मन्झनारला गेलेल्या आजीच्या किंवा तान्ह्या बाळाच्या नावाने कोणी वेगळं कारण लिहिलं नव्हतं. वंश हेच कारण होतं. 'जपानी अमेरिकनांना स्थानबद्ध करण्यात आले' असं लिहिलं की प्रत्येकाची काहीतरी चौकशी झाली असावी असा भास होतो. म्हणून 'सरसकट स्थानबद्धता' लिहावं. कथनाच्या ओघात 'बंदिछावण्यांत डांबले' अधिक चांगलं. 'पुनर्वसन केंद्र' हा शब्द आलाच तर अवतरणात आणि 'सरकारच्या भाषेत' या शब्दांसह. पुनर्वसन म्हटलं की आपल्याकडे धरणग्रस्त आठवतात, ज्यांना निदान जमिनीचं आश्वासन मिळतं. इथे तेही नव्हतं.

आपली देवली

अमेरिकेबद्दल लिहिताना जो काटेकोरपणा आपण दाखवतो तो घरच्या इतिहासातही दाखवावा. भारत-चीन युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालं आणि महिनाभरात, २१ नोव्हेंबरला, चीनने युद्धविराम जाहीर केला. त्या सुमारास आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कलकत्ता या भागांतून चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना पकडून आगगाडीने राजस्थानातल्या देवलीला नेण्यात आलं. त्यात म्हातारे होते, शाळकरी मुलं होती, पिढ्यानपिढ्या इथेच जन्मलेले लोक होते, ज्यांना चिनी धड बोलताही येत नव्हतं. युद्ध थांबल्यावरही काही कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहिली. अनेकांना चीनला पाठवून देण्यात आलं. सुटून परतलेल्यांपैकी कित्येकांची घरं आणि दुकानं तोवर लिलावात गेली होती.

त्याच देवलीत इंग्रजांनी आधी आपले राजबंदी ठेवले होते. १९४१ मध्ये तिथल्या समाजवादी आणि कम्युनिस्ट स्थानबद्धांनी उपोषण केलं; जयप्रकाश नारायण त्यांच्यात होते. मग दुसऱ्या महायुद्धातच पुढे मलाया-सिंगापूरकडून आणलेले जपानी नागरिक तिथे ठेवले गेले. एका जागी तीन वेळा तीन प्रकारचे लोक, आणि प्रत्येक वेळी शब्द वेगळा लागतो. १९४१ चे राजबंदी स्थानबद्ध होते, एकेकाच्या नावाने काढलेल्या आदेशाने. जपानी नागरिक शत्रुराष्ट्राचे स्थानबद्ध नागरिक होते, 'इंटर्नमेंट'च्या अगदी मूळ अर्थाने. आणि १९६२ चे लोक वंशामुळे सरसकट स्थानबद्ध झालेले, त्यांपैकी बरेच भारतीय. अमेरिकेच्या बाबतीत बंदिछावणी लिहिणाऱ्याने देवलीला 'शिबिर' म्हणू नये. जे माप तिकडे, तेच इकडे.

नावाबद्दल विदर्भातल्या लेखकांना खास सूचना. इंग्रजी स्पेलिंगमधून वाचताना ही देवली आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातली देवळी सारखीच दिसतात. देवळीला चिनी लोकांची छावणी होती असं छापून गेलं तर वर्ध्याचे वाचक शोधत बसतील. देवळाली तिसरीच, नाशिकजवळची. तिचा संबंध दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांशी.

क्रियापदं आणि शुद्धलेखन

नाम बरोबर निवडूनही क्रियापदाने घात होऊ शकतो. 'हलवण्यात आले', 'पाठवण्यात आले', 'ठेवण्यात आले' ही पकडणाऱ्यांची क्रियापदं आहेत. त्यात कोण हलवतंय हेही दिसत नाही. जिथे आदेश कुणाचा हे माहीत आहे तिथे कर्ता लिहावा: 'रूझवेल्ट प्रशासनाने', 'भारत सरकारने'. 'डांबले' हे क्रियापद जोरकस आहे. जिथे बळजबरी, तारा आणि पहारा आहे तिथेच ते शोभतं. रत्नागिरीसाठी ते चालणार नाही. स्विस खेड्यांतल्या फ्रेंच सैनिकांसाठीही नाही.

व्यक्तीसाठी 'स्थानबद्ध' हे विशेषण आणि नाम म्हणूनही चालतं: स्थानबद्ध नागरिक, स्थानबद्धांची यादी. 'डिटेन्यू' लिहायची गरज उरत नाही. शब्दात 'द्ध' आहे, म्हणजे आधी द आणि मग ध. टंकलिखित मजकुरात 'ध्द' होऊन पडतो, तो दुरुस्त करावा. 'युद्धकैदी'लाही हेच लागू. बंदिवास आणि बंदिछावणी यांत 'दि' ऱ्हस्व. नजरकैद स्त्रीलिंगी: नजरकैदेत, नजरकैदेतून. आणि परकीय गावांची नावं पहिल्यांदा येतील तिथे देशाचं नाव सोबत द्यावं, कारण त्रेब्लिंका पोलंडमध्ये आहे हे मराठी वाचकाने गृहीत धरावं अशी अपेक्षा ठेवणं रास्त नाही.